दहा वाजेपर्यंत मतदार

आमच्या गल्लीत बेरिल क्रॅबट्रीबद्दल कुणी फार चांगलं बोलत नाही आणि वाईटही बोलत नाही. ती आहे, एवढंच. आधी ती गालिच्यांच्या गिरणीत होती. गिरणीला टाळं लागलं तशी शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. तिने वाढलेला मटाराचा लगदा खाऊन ब्रॅकनशॉची एक पिढी मोठी झाली आणि त्यातले बरेचजण पुढे गाव सोडून गेले. मटाराचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. मी तिची शेजारीण. माझं कोपऱ्यावर लाँड्रीचं दुकान होतं, त्यामुळे गल्लीतल्या कुणाच्या चादरी किती फाटल्यात हे मला ठाऊक असायचं. बेरिलच्या चादरींना ठिगळं असत, पण ती इस्त्री केलेली असत.

तिचा नवरा क्लिफर्ड बस चालवायचा. आमच्या खोऱ्यातून माळरान ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जाणारी बस. वेळेला इतका पक्का, की थांब्याकडे कुणी धावत येताना दिसलं तर तो आधी घड्याळ बघायचा आणि मग त्या माणसाकडे. युनियनचा माणूस, जन्मभर मजूर पक्षाचा. हुजूर पक्षाचा उमेदवार दारात आला तर क्लिफर्ड त्याचं पत्रक हसतमुखाने घ्यायचा, नीट घडी घालायचा आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारायचा. ते टेबल आता अजिबात हलत नाही.

मग क्लिफर्डला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. रात्री दोनदा त्याला उचलून कुशीवर वळवावं लागे, आणि बेरिलचं स्वतःचं कंबरेचं हाड झिजलेलं. कौन्सिलने त्याला वृद्धाश्रमात जागा दिली, ती माळरानापलीकडच्या लार्क हाऊसमध्ये. खाट तिथेच रिकामी होती. बेरिल म्हणाली, ठीक आहे, मीही तिथे येते. त्यावर कौन्सिलची बाई म्हणाली, तुमची गरज त्यांच्याइतकी नाही, तुम्ही नियमात बसत नाही. बेरिल म्हणाली, मी नियमात बसायला नाही, त्याच्याशेजारी बसायला येतेय. बाईने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

लग्नाला साठ वर्षं झाली होती. आता भेट बुधवारची. दोन बस बदलून जायचं, दुपारचं जेवण त्याला भरवायचं आणि परतायचं, कारण शेवटची बस लवकर असते. त्याला एखाद्या दिवसासाठी घरी आणावं म्हणून तिने दोनदा अर्ज केला. घराला दोन पायऱ्या आहेत आणि चाकाच्या खुर्चीला धोका आहे, असं उत्तर दोन्ही वेळा आलं. त्या दोन पायऱ्यांवरून क्लिफर्डने एकदा एकट्याने कपाट वर चढवलं होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

तेव्हा आमचा खासदार होता गाइल्स फॅनशॉ. हुजूर पक्षाचा, उंच, गोरापान, बोलणं असं की तोंडात गरम बटाटा धरलाय. लोकांच्या तक्रारी ऐकायला तो शनिवारी बैठक घ्यायचा, तिथे बेरिल जाऊन बसली आणि सगळं सांगून आली. त्याने ऐकून घेतलं, आणि वर त्याचं नशीब असं, की त्याच वर्षी खासगी विधेयकांच्या सोडतीत त्याचं नाव निघालं. सोडतीत नाव निघालं की साध्या खासदारालाही स्वतःचा एक कायदा मांडता येतो. गाइल्सने बेरिलचा मांडला. एका नवराबायकोतल्या एकाला कौन्सिलने वृद्धाश्रमात ठेवलं, तर दुसऱ्यालाही तिथेच जागा द्यायची. बस, एवढंच विधेयक. पान-दीड पानाचं.

क्लिफर्डला हे सांगितलं तेव्हा त्याने उजव्या हाताने चमचा बाजूला सारला. मग म्हणाला, "हुजूर?"

"हो."

"टेबल... बघ," तो म्हणाला. म्हणजे टेबलाखालचं पत्रक काढ असं, की राहू दे असं, ते बेरिलला कळलं नाही. तिने ते तिथेच राहू दिलं.

विधेयक खालच्या सभागृहात पास झालं. लॉर्डांच्या सभागृहातही सगळं सुरळीत चाललं होतं, शेवटचं वाचन उरलं होतं. वसंतातच त्याला एक तारीख मिळाली होती. पण तिथे विधेयक चालवणाऱ्या लॉर्डबाईंच्या मागे एक म्हातारे लॉर्ड रांगेत होते, त्यांचं मधमाश्यांच्या पेट्यांबद्दलचं विधेयक होतं आणि त्यांना तब्येतीमुळे घाई होती. बाईंनी त्यांना आपली पाळी दिली. "आधी तुम्ही." गाइल्सनेही मान डोलावली. निवडणूक शरदात होणार असं सगळी वर्तमानपत्रं सांगत होती, आपल्या विधेयकाला जुलैची पुढची तारीख मिळाली होती, मग रांगेत कुणाला पुढे जाऊ दिलं तर बिघडतं कुठे? आमची माणसं आग लागलेल्या घरातूनही दारात "आधी तुम्ही" म्हणत उभी राहतील.

मे महिन्यातला एक बुधवार होता. बेरिल लार्क हाऊसहून परतली तेव्हा मी दारात उभी होते, आत रेडिओ लावलेला.

"नोरा, बसमध्ये कुणीतरी म्हणत होतं, निवडणूक लागली. थापा ना?"

"खरंय. पंतप्रधान आत्ताच बोलला. भर पावसात, छत्रीशिवाय."

"छत्री का नाही घेतली?"

"ते नाही सांगितलं."

खरं सांगते, मी खुशीत होते. मी मजूर पक्षाची, आणि यंदा आमची हवा होती. इतक्या वर्षांनी आमचं सरकार येणार म्हणून मी चहात जास्तीची साखर घातली होती. बेरिलने डोक्यावरचा प्लॅस्टिकचा रुमाल काढला, झटकला.

"मग माझ्या विधेयकाचं काय होतं?" तिने विचारलं. ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे निवडणुकीचा मुहूर्त पंतप्रधान काढतो. पाच वर्षांच्या आत कधीही. त्याच्या मनात आलं की तो राजाकडे जातो आणि म्हणतो, महाराज, आपली पार्लमेंट विसर्जित करा, आणि राजा हो म्हणतो. राजा नाही म्हणाल्याचं आमच्या आजोबांनाही आठवत नव्हतं. मध्ये काही वर्षं वेगळा कायदा होता. पंतप्रधानाच्या मर्जीवर भागायचं नाही, दोन-तृतीयांश सभासद राजी व्हावे लागायचे. तो कायदा त्यांनी पुढे मोडीत काढला आणि किल्ली पुन्हा पंतप्रधानाच्या खिशात गेली. दुसरी वाट अविश्वासाची. सभागृहाने सरकारवरचा विश्वास काढून घेतला तरी निवडणूक लागू शकते. पण बहुमत असलेल्या सरकारवर तशी पाळी येत नाही. तेव्हा पंतप्रधान आपल्या सोयीचा दिवस शोधतो. वार तेवढा गुरुवार ठेवायची रीत आहे. तो दिवस कुणाच्या गैरसोयीचा आहे, हे बघणं त्याच्या कामात मोडत नाही.

आणि पार्लमेंट मोडली की तिच्या पोटात अर्धवट राहिलेली विधेयकं तिच्याबरोबर जातात. पुढची पार्लमेंट त्यांना ओळख देत नाही. मोडण्याआधी आवराआवरीचे एकदोन दिवस मिळतात, तेव्हा दोन्ही बाजूंचे प्रतोद बंद खोलीत बसून कुठली चार वाचवायची ते ठरवतात. बेरिलच्या विधेयकाला कुणाचाच विरोध नव्हता. ज्याला विरोध नाही त्याच्यासाठी भांडायलाही कुणी नसतं. ते राहून गेलं. मधमाश्यांचा कायदा मात्र कधीच होऊन बसला होता.

गाइल्स स्वतः सांगायला आला, एवढं त्याचं कबूल केलं पाहिजे. मी बेरिलकडेच होते. त्याच्या कोटाला पक्षाचा निळा बिल्ला होता आणि बूट चिखलाने भरले होते.

"मिसेस क्रॅबट्री, मी तुमचा अपराधी आहे."

"बस राजा. चहा घे आधी."

"मी पुन्हा निवडून आलो तर पुन्हा सोडतीत नाव घालेन. शब्द देतो."

"आणि नाव निघालं नाही तर?"

"मग पुढच्या वर्षी."

"क्लिफर्ड चौऱ्यांशीचा आहे," बेरिल म्हणाली. रागाने नाही. मटार वाढताना 'अजून हवेत का' विचारायची, त्याच आवाजात.

गाइल्सने कपात बघितलं. मला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून त्याचा रागही आला. हुजूर पक्षाच्या माणसाने माझं मन असं कातर करू नये. मी सरळ म्हटलं, "तुमच्याच पंतप्रधानाने केलंय हे."

"हो," तो म्हणाला. "मलाही टीव्हीवरूनच कळलं."

बेरिलचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती खिडकीतून समोरच्या चॅपलकडे बघत होती. चॅपल रस्ता ओलांडला की आहे, आणि आमचं मतदान तिथेच होतं.

"तुमच्या पक्षाच्या गाड्या अजून म्हाताऱ्यांना मतदानाला नेतात का रे?"

"अर्थातच. तुम्हाला हवी आहे?"

"मला कशाला? मी दोन पावलांवर आहे. क्लिफर्डला. त्याचं नाव अजून आपल्याच यादीत आहे. दर वर्षी कौन्सिल विचारतं, घरात कोण कोण राहतं. मी त्याचं नाव लिहिते. तो राहतो इथेच, सध्या बाहेर गेलाय."

"पण त्यांच्यासाठी टपालाने मत देण्याची सोय करता येईल, इतका प्रवास..."

"टपालाने नको," बेरिल म्हणाली.

गाइल्स जरा घुटमळला. "रागावू नका, पण मिस्टर क्रॅबट्री मत आम्हाला देतील का?"

"माणूस बदलतो," बेरिल म्हणाली आणि त्याला केकचा दुसरा तुकडा वाढला. ओट्सचा आणि आल्याचा, तिचा नेहमीचा. तो गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "नोरा, तुमचीही गाडी असते ना?"

"असते की. पण तू आत्ताच त्याच्याकडे..."

"तुमची आणायला. त्याची पोचवायला."

लार्क हाऊस घरी जाण्याला नाही म्हणू शकत होतं. मतदानाला नाही म्हणणं त्यांना शक्य नव्हतं.

मतदान सकाळी सात ते रात्री दहापर्यंत चालतं, आणि त्या दिवशी मी चॅपलच्या दाराशी खुर्ची टाकून असते. छातीला लाल बिल्ला. आत जाणाऱ्याला मतदार क्रमांक विचारायचा आणि टिपून ठेवायचा, म्हणजे आपल्यातलं कोण अजून आलं नाही ते पक्षाला कळतं आणि गाडी पाठवता येते. शेजारच्या खुर्चीत डॅफ्ने, निळा बिल्ला लावून हेच काम करते. दर निवडणुकीला आम्ही दोघी एकमेकींच्या पक्षाला शिव्या घालतो आणि एकाच थर्मासमधला चहा पितो. तिची बिस्किटं बरी असतात.

सकाळी दहाच्या सुमारास तारिकची गाडी आली. तारिक आमचा कार्यकर्ता, एरवी टॅक्सी चालवतो. त्याच्या एका गाडीत चाकाची खुर्ची सरळ आत जाते. क्लिफर्ड कोट-टाय घालून बसला होता. गाडी थांबली तसं त्याने मनगटावर बघितलं.

"उशीर," तो म्हणाला.

"माळरानावर मेंढ्या आडव्या आल्या, अंकल," तारिक म्हणाला.

"हॉर्न. मग... थांब. मग हॉर्न," क्लिफर्डने शिकवलं.

बेरिल दारात उभी होती. निळा झगा, जो ती फक्त लग्नांना आणि अंत्यविधींना घालते. ती पुढे धावली नाही. त्याने रस्ता ओलांडून यायची वाट बघितली, पण तारिकने खुर्ची चॅपलकडे वळवली. आधी काम, हा तारिकचा स्वभाव.

आत टेबलामागच्या अधिकाऱ्याने ओळखपत्र मागितलं. फोटोचं ओळखपत्र दाखवायचा नियम नवाच आहे. म्हाताऱ्यांचा बसचा फुकट पास त्याला चालतो. क्लिफर्डने उजव्या हाताने एक खिसा चाचपला. मग दुसरा. मग कोटाच्या आतला, सावकाश. रांग मागे दारापर्यंत आली.

"राहिला," तो म्हणाला.

"कुठे राहिला, अंकल?"

"तिकडे."

जन्मभर बस चालवलेला माणूस बसचा पास विसरला, हे त्या सकाळी आम्हा कुणालाच विचित्र वाटलं नाही. झटका आलेला माणूस, विसरणारच. तारिकने कपाळावर हात मारला.

"मी जाऊन घेऊन येतो, आंटी. तोवर अंकलना कुठे बसवू?"

"कुठे म्हणजे?" बेरिल म्हणाली. "घरी."

तारिक आणि डॅफ्नेचा पुतण्या, दोघांनी मिळून खुर्ची त्या दोन पायऱ्यांवरून उचलली. एक आमचा, एक त्यांचा. धोका बिका काही झाला नाही. तारिक माळरान ओलांडून परत गेला. मी माझ्या खुर्चीतून बघत होते. बेरिलच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि हॅम तळल्याचा वास रस्त्यापर्यंत आला.

तारिक दुपारी परतला तो हात हलवत. लार्क हाऊसच्या मुलींनी त्याच्यासमोर कपाट उपसलं, उशी झटकली, पास नाही.

"दुसऱ्या... कोटात," क्लिफर्ड म्हणाला.

"दुसरा कोटही बघितला, अंकल."

"मग... राखाडी."

तारिकने माझ्याकडे बघितलं, मी तारिककडे. यंदा आमच्या मतदारसंघात चुरस होती, एकेक मत मोलाचं. "जा बाबा," मी म्हटलं. तो पुन्हा गेला. राखाडी कोट त्याला सापडला. त्यात एक खोकल्याची गोळी होती.

तोवर मागच्या अंगणात क्लिफर्ड उन्हात बसला होता आणि बेरिल त्याचे केस कापत होती. लग्न झाल्यापासून त्याचे केस तिनेच कापलेत. लार्क हाऊसला महिन्यातून एकदा न्हावीण येते, ती सगळ्यांचे एकाच मापाने कापते. बेरिल कानामागे थांबत होती, लांब जाऊन बघत होती, पुन्हा जवळ येत होती. क्लिफर्डने डोळे मिटले होते. माझ्या परसातून दोरीवरचे कपडे काढायला गेले म्हणून मला दिसलं. कपडे वाळलेले नव्हते, तरी मी ते काढले.

चारच्या सुमारास निळ्यांची गाडी आली. चालक मिस्टर ट्रूब्रिज, बँकेतून निवृत्त, मिशीवाले.

"मिस्टर क्रॅबट्रींना पोचवायला आलोय."

"त्यांचं मत व्हायचंय अजून," बेरिल म्हणाली.

ट्रूब्रिज कोड्यात पडले. मत न देता माणूस परत पोचवला तर पक्षाला काय सांगणार? "मग मी थांबतो," ते म्हणाले. ते बेरिलच्या पुढच्या कठड्यावर बसले. तिसऱ्या फेरीहून आलेला तारिक त्यांच्याशेजारी बसला. बेरिलने दोघांना केक दिला. थोड्या वेळाने ते क्रिकेटबद्दल बोलायला लागले, आणि मी डॅफ्नेला म्हटलं, यांच्याकडे देश दिला तर निवडणुकाच लागणार नाहीत.

संध्याकाळी मला बाथरूमला जायचं होतं. चॅपलमधलं बिघडलेलं, म्हणून मी बेरिलकडे गेले. क्लिफर्ड बैठकीच्या खोलीत आपल्या खुर्चीत होता. चाकाच्या नव्हे, त्याच्या खुर्चीत. तिथे त्याला कसं हलवलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. बेरिल शेजारी स्टूल घेऊन बसली होती, त्याचा निकामी डावा हात तिच्या मांडीवर. शेकोटीवरच्या फळीवर घड्याळ आहे, त्याच्या मागून हिरव्या पासाचा कोपरा बाहेर आला होता. क्लिफर्डचा फोटो अर्धा दिसत होता, मिश्किल डोळ्यांपर्यंत.

मी पासाकडे बघितलं. बेरिलने माझ्याकडे बघितलं.

"बेरिल," मी म्हटलं, "तो पोरगा तीनदा माळरान ओलांडून आला."

"त्याला मी रात्रीचं जेवण बांधून देणार आहे."

"आणि आमचं मत?"

"मिळेल की. क्लिफर्डने कधी मत चुकवलंय?" तिने त्याच्या हातावरची बाही सारखी केली. "दहा वाजेपर्यंत तो मतदार आहे, नोरा. त्याला न्यायला दोन-दोन गाड्या दारात उभ्या राहतात. दहानंतर तो पेशंट. मग त्याला बुधवार आहे."

क्लिफर्ड माझ्याकडे बघत होता. "सांगू... नको," तो म्हणाला.

मला पक्षाची शिस्त आहे. सकाळपासून मी क्रमांक टिपत होते, क्लिफर्डच्या नावापुढे जागा रिकामी होती, आणि पक्षाच्या कचेरीतून दोनदा फोन आला होता, की क्रॅबट्रीचं काय झालं. मी बाहेर आले. तारिकने विचारलं, "मिळाला का हो?"

"शोधताहेत," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मजूर पक्षाशी खोटं बोलले. डॅफ्नेने मला बिस्कीट पुढे केलं. बहुतेक तिने खिडकीतून बघितलं होतं, पण तिने आपल्या यादीत डोकं घातलं.

जुलैचा उजेड बराच वेळ टिकतो. दहाला दहा कमी असताना बेरिलचं दार उघडलं. पास सापडला होता, "देवाची कृपा, घड्याळामागे होता." तारिक आणि ट्रूब्रिज दोघांनी मिळून खुर्ची रस्त्यापलीकडे ढकलली. कधी नव्हे तो क्लिफर्ड वेळेच्या अगदी टोकाला आला होता, आणि चेहऱ्यावर त्याची लाज अजिबात नव्हती. अधिकाऱ्याने पासावरचा फोटो बघितला, क्लिफर्डकडे बघितलं.

"केस छान कापलेत," अधिकारी म्हणाला.

क्लिफर्ड आडोशामागे बराच वेळ होता. पेन्सिल त्याच्या हातात नीट बसत नाही. बाहेर आल्यावर तारिकने हळूच विचारलं, "आपल्यालाच ना, अंकल?" क्लिफर्डने मान हलवली. मग ट्रूब्रिजनी त्याला गाडीत बसवताना खाकरून तेच विचारलं. क्लिफर्डने त्यांनाही तशीच मान हलवली. दोघं समाधानाने गेले. त्याने खरं कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. बेरिलनेही विचारलं नसावं.

निरोप कसा झाला, तर बेरिलने गाडीच्या खिडकीतून त्याचा टाय सरळ केला आणि म्हणाली, "बुधवारी येते." तो म्हणाला, "वेळेवर." गाडी माळरानाच्या रस्त्याला लागेपर्यंत ती उभी राहिली. मग आत जाऊन तिने दिवा लावला नाही.

शुक्रवारी सकाळी आमचं सरकार आलं. दणदणीत, सत्तेतल्यांनाही मोजायला वेळ लागावा इतक्या बहुमताने. गाइल्स पडला. त्याच्या जागी आमची एक तरुण वकीलबाई निवडून आली, चांगली आहे, पण तिला बेरिल क्रॅबट्री कोण ते सांगायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार. मी लाल बिल्ला न काढताच रात्री झोपले होते. परसात गेले तर बेरिल टॉवेल वाळत घालत होती, त्यात क्लिफर्डचे पांढरे केस अडकलेले. ती टॉवेल झटकत नव्हती.

"जिंकलात," ती म्हणाली.

"जिंकलो. आता पाच वर्षं बघायला नको. रोजचं ते निवडणूक-निवडणूक संपलं एकदाचं."

"पाच?"

"पाच. एवढं बहुमत असल्यावर सभागृह कसला अविश्वास आणतंय? आणि पंतप्रधान आपण होऊन कशाला राजाकडे जाईल?"

हे मी अभिमानाने सांगत होते, आणि सांगता सांगता मला तिचा चेहरा दिसला. चौऱ्यांशी आणि पाच. एवढी बेरीज शाळेच्या स्वयंपाकघरातही करतात.

"मध्येच नाही का पडत, नोरा?" तिने विचारलं. "पडतात ना कधी कधी?"

आमच्या सरकारची इतकी वर्षं वाट बघितली होती मी. पावसात पत्रकं वाटली, दारं तोंडावर आपटून घेतली. ते सरकार येऊन एक सकाळही झाली नव्हती. मी कुंपणाला धरून उभी राहिले आणि मनापासून म्हटलं, "पडतात, बेरिल. केव्हाही पडतात. आपापसात भांडतात, कुणाला दुर्बुद्धी सुचते. काही सांगता येत नाही."

"मलाही तेच वाटतं," ती म्हणाली. तिने टॉवेलला चिमटा लावला. "पास मी घड्याळामागेच ठेवलाय. पुढच्या वेळी शोधायला वेळ लागायला हवा."

तेव्हापासून सकाळी मी आमच्या पंतप्रधानाबद्दल पेपरात काही वाईट छापून आलंय का ते आधी बघते, आणि आलं असलं की कुंपणावरून बेरिलला वाचून दाखवते.